गडग्यापलीकडचा चाफा

ज्या एका माणसाचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते म्हणजे माझे आतोबा, माझ्या थोरल्या आत्याचे यजमान; आणि साऱ्या रत्नागिरीत त्यांच्याइतका मत्सरी माणूस मी पाहिलेला नाही. ही दोन्ही विधाने मी पूर्ण विचार करून एकाच वाक्यात लिहिली आहेत. पावसजवळच्या आमच्या वाडीत चौथीच्या पुढे शाळा नव्हती, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपर्यंतही गेले नव्हते. आतोबांनी मला आपल्या घरी आणले, ओसरीवर जागा दिली, इंग्रजी शाळेत घातले आणि बी. ए. होईपर्यंत माझी पाठ सोडली नाही. अशा माणसाला मत्सरी म्हणण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. पण त्यांचा मत्सर इतका उघडा आणि इतका निरुपद्रवी होता की तो दडवून ठेवणे त्यांनाच आवडले नसते. त्यांना कोणाच्या पैशाचा हेवा नव्हता, मानाचा नव्हता. कचेरीत ते कागदांच्या नकला करणारे कारकून होते; त्यांच्या मागून आलेले दोघे त्यांच्या पुढे गेले तेव्हा त्यांनी त्या दोघांना घरी बोलावून सोलकढी आणि फणसाची भाजी जेवू घातली. त्यांना हेवा वाटे तो एकाच गोष्टीचा. दुसऱ्याच्या परसात पाणी मुरते आणि आपल्या परसात मुरत नाही.

आतोबांचे घर उताराच्या मधोमध होते. मागे परस, परसाला जांभ्याच्या दगडांचा रचून केलेला गडगा, आणि गडग्यापलीकडे एका निवृत्त तांडेलांचे घर. या तांडेलांनी सारा जन्म गलबतावर काढला होता. बागेतले त्यांना काही कळत नव्हते आणि कळत नाही हे ते आनंदाने सांगत. तरी त्यांच्या परसात सोनचाफा असा माजला होता की पावसाळ्यात त्याचा वास गडगा ओलांडून आमच्या माजघरापर्यंत येई. आतोबा उठून खिडकी लावून घेत. आत्या मात्र रोज सकाळी फुलांची परडी घेऊन गडग्यापाशी जाई आणि तांडेल परडी भरून देत. आमच्या परसात चाफा, मोगरा, शेवंती, जे लावावे त्याची मुळे श्रावण लागेपर्यंत कुजून जात. आतोबा पूजेला बसत, देवांना स्नान घालत, आणि फूल वाहायची वेळ आली की त्यांचा हात जड होई. "आमचे देव," ते एकदा मला म्हणाले, "दुसऱ्याच्या फुलांत बसतात. मी नुसता गंध लावणारा." देवांच्या डोक्यावर स्वतःच्या परसातला एक चाफा, एवढी एकच इच्छा त्या माणसाला जन्मात होती. आणि दुसरी, तिचा उच्चार ते करत नसत: तो चाफा तांडेलांनी पाहावा.

"मुळाशी काय घालता?" ते गडग्यावरून विचारत.

"कुनाच्या?"

"चाफ्याच्या."

"मी काय घालनार, कारकूनबुवा? रोप खोचलंव नि गलबतावर गेलंव. परत येऊन बगतंय तर झाड. मासळी धुतलेलं पानी टाकीत असंल बायको."

त्या आठवड्यात आमच्या घरी रोज मासळी झाली. देवाच्या फुलांसाठी आम्ही इतके बांगडे खाल्ले की चतुर्थीच्या उपासाची मला ओढ लागली. मुळाशी ओतलेल्या पाण्यावर आळीतली सगळी मांजरे जमली. मोगरा त्यांच्या देखत मेला.

पण आतोबा नुसते जळत बसणारे नव्हते. ते परीक्षा घेत. माझी त्यांनी घेतली नसेल इतक्या वेळा त्यांनी जमिनीची परीक्षा घेतली. हातभर खोल खड्डा खणायचा, त्यात काठोकाठ पाणी ओतायचे, ते एकदा जिरू द्यायचे, मग पुन्हा भरायचे आणि खिशातले घड्याळ गुडघ्यावर ठेवून पाणी किती वेळात उतरते ते बघत बसायचे. आमच्या परसातल्या खड्ड्यापाशी ते ज्या चेहऱ्याने बसत तसा चेहरा मी पुढे फक्त इस्पितळाच्या व्हरांड्यात थांबलेल्या माणसांचा पाहिला. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळी तिथेच असे. वर एखादा बेडूक येऊन बसलेला असे. बरे, हा खड्डा आपल्या घरापुरता असता तर गोष्ट वेगळी. ते कोणाकडे सत्यनारायणाला गेले तरी तीर्थ घेऊन परसात जात. माझ्या थोरल्या भावासाठी मुलगी पाहायला आम्ही वेळणेश्वरला गेलो होतो. यजमानांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, तो घेऊन आतोबा मागल्या दाराने नाहीसे झाले. मुलगी आली, पोहे आले, नाव-गाव विचारून झाले, आणि मग आतोबा कोपरापर्यंत चिखल घेऊन आले व म्हणाले, "आम्हांला पसंत आहे."

"अहो, पण तुम्ही मुलगी पाहिली कुठे?" आत्या हळूच म्हणाली.

"परस पाहिलं. तांब्याभर पाणी ओतलं आणि मी वळून बघतो तो गायब. चर सगळे मोकळे, एक पान अडकलेलं नाही. असल्या घरातली मुलगी आहे, अजून काय पाहायचं?"

ती मुलगी माझी वहिनी झाली आणि तिच्यासारखी वहिनी कोणाला मिळणार नाही. पण तिने माहेरचा विषय काढला की आतोबा आजही दुसरीकडे बघतात.

खड्ड्याखेरीज त्यांच्या बाटल्या होत्या. मूठभर माती बाटलीत घालायची, पाणी घालून खळखळ हलवायची आणि खिडकीत ठेवून द्यायची. वाळू आधी खाली बसते, तिच्यावर गाळ, आणि चिकण मातीचा थर सर्वांत शेवटी, तोही दोन दोन दिवस गढूळ पाणी करून. बाटलीत चिकणमाती किती आणि वाळू किती, हे बोटाने मोजून ते माणसांविषयी बोलल्यासारखे बोलत: "ही माती हट्टी आहे." "ही भोळी आहे, काही धरून ठेवत नाही." औषधाच्या बाटल्या संपल्या तेव्हा आत्याच्या लोणच्याच्या बरण्या गेल्या. "घरात पाऊल टाकलं की आधी बाटल्यांची विचारपूस," आत्या मला म्हणे, "मग माझी. बाटल्यांना निदान थर बसला एवढं सांगता तरी येतं." ती हसून म्हणे, पण पूर्ण हसून नव्हे. मलाही ते जाणवे. ओसरीवर मी इंग्रजी कविता मोठ्याने पाठ करीत असे, आतोबा समोर बसून ऐकत असत, आणि मधेच त्यांची नजर माझ्या डोक्यावरून खिडकीतल्या बरणीकडे जाई. मी चुकलो तरी त्यांना कळत नसे. बरणीतला थर हलला तर कळे. त्या बरणीचा मी मनापासून हेवा केला आहे.

तांडेलांच्या परसातली माती त्यांनी कशी मिळवली असेल? गडग्यावर हात टेकून पावसापाण्याच्या गोष्टी करता करता मूठभर उचलून कोटाच्या खिशात. दुसऱ्या दिवशी कचेरीत एका दाव्याच्या नकलेवर तपकिरी बोटे उमटली आणि साहेबांनी ती नक्कल परत पाठवली. पण खरे दुःख ते नव्हते. दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, दोन दिवस थांबले, आणि दोन्हींत थर अगदी सारखे बसले. वाळूला वाळू, चिकणाला चिकण. आतोबा कितीतरी वेळ त्या बरण्यांसमोर उभे होते. "माती तीच," ते म्हणाले, "पाऊस तोच, उतार तोच. मग त्याचंच का मुरतं रे बाबू?" परीक्षेतला प्रश्न मला येत नसला की जे वाटे तेच मला तेव्हा वाटले.

मग सुधारणा सुरू झाल्या. लोक संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर वारा खायला जात. आतोबा दोन पिशव्या घेऊन जात आणि वाळूने भरून आणत. वर्षभर त्यांनी ती परसात मिसळली. चिकणमाती आणि वाळू यांचे लग्न असे घट्ट लागले की उन्हाळ्यात त्यावर नारळ फोडता आला असता. शिवाय समुद्राच्या मिठाने अळू मेले. या एका गोष्टीबद्दल मी त्या वाळूचा ऋणी आहे, कारण साचलेल्या पाण्यात आमच्याकडे फक्त अळूच येई आणि आम्ही वर्षातले सहा महिने फतफते खात असू. त्यांनी चर खणले, नारळाची सोडणे पुरली, शेणखत, राख, आंब्याच्या सुक्या पानांचा पातेरा, सगळे घातले. वाफे उंच केले. कोणीतरी म्हणाले, सोनटक्का लावा, त्याला पाणी चालते. आतोबांनी त्या गृहस्थांशी बोलणेच सोडले. "पाण्यात उभं राहणारं फूल लावायचं म्हणजे पाण्याला शरण जायचं," ते म्हणाले. काही केले तरी हातभर खाली कुदळ अडे. रत्नागिरीत खणताना कुदळ अडली की माणूस थांबतो. खाली कातळ आहे हे आम्ही धरूनच चालतो. त्याबद्दल कोणी चौकशी करीत नाही. आतोबाही थांबत आणि म्हणत, "माझा कातळ वर आलाय. तांडेलाचा खाली गेलाय. नशीब दुसरं काय असतं?"

अशा वेळी मन रमवायला ते आपल्या तरुणपणातल्या खळ्याची गोष्ट सांगत. त्यांच्या या घरी तेव्हा भातशेती होती, आणि दरवर्षी कापणीच्या सुमाराला भात झोडण्यासाठी खळे करायचे असे: जमीन उकरून ओली करायची, लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून सपाट करायची, वर शेणाने सारवायची. ते काम आतोबांचे. "मी चोपलेल्या खळ्यात भाताचा दाणा रुतलेला कोणी दाखवावा," ते दंड चाचपत म्हणत. "मुंगीला बीळ करता आलं नाही. गावातले लोक बघायला येत." पुढे शेती गेली, आतोबा नोकरीला मालवणला गेले, आणि परत आले तो वडिलांनी खळ्याच्या जागी भाजीचे परस केलेले. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की ती ऐकताना माझे गणित सोडवून होई.

मी मॅट्रिक झालो आणि कॉलेजसाठी मुंबईला निघालो, तेव्हा आगबोटीवर आतोबा माझ्याबरोबर आले. वसतिगृहात सामान ठेवले आणि पाहतो तर आतोबा नाहीत. खिडकीतून खाली पाहिले. रेक्टरसाहेबांच्या बंगल्यापुढच्या हिरवळीत ते माझा नवा तांब्या घेऊन उकिडवे बसले होते. रेक्टर वर येऊन विचारू लागले, "हे गृहस्थ कोण?" पहिल्याच दिवशी, नवा कोट घालून, नव्या मुलांच्या देखत मला सांगावे लागले, "माझे आतोबा आहेत. पाणी बघताहेत." थोड्या वेळाने ते आले आणि थेट रेक्टरांना म्हणाले, "या बाजूला पाणी मुरत नाही. डास होणार. मुलाला ताप येईल. ह्याला पलीकडच्या चाळीत खोली द्या, तिथं मी बघून आलोय." मला पलीकडे खोली मिळाली. त्या पावसाळ्यात अलीकडच्या चाळीतली निम्मी मुले हिवतापाने पडली. आतोबांनी निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. "वरच्या मजल्यावर असलास तरी खाली बघत जा," एवढेच म्हणाले आणि बोटीची वेळ झाली म्हणून गेले.

बी. ए. चा निकाल लागला तेव्हा मी रत्नागिरीत होतो. पावसाचे दिवस, परसात पोटरीभर पाणी. तार आली, आत्याने देवापुढे दिवा लावला, आणि सर्वांत आधी आले तांडेल. डोक्यावर इरले, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली सोनचाफ्याची माळ. ती त्यांनी माझ्या गळ्यात घातली. "आमच्या डोळ्यांदेखत वाढलंय पोर," ते म्हणाले. "पयला मान आमचा, काय कारकूनबुवा?"

"बसा," आतोबा म्हणाले. "चहा घ्या." त्यांचा आवाज अगदी सभ्य होता. मग ते उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने परसातून धपधप आवाज येऊ लागला.

आम्ही मागल्या दारात गेलो. आतोबा कचेरीचा कोट आणि टोपी घालून भर पाण्यात उभे होते आणि खड्ड्यात पहार मारीत होते. "माझ्या घरातला मुलगा," ते म्हणत आणि पहार मारत, "घराण्यातला पहिला बी. ए.," पुन्हा पहार, "आणि त्याच्या गळ्यात फुलं," पुन्हा पहार, "गडग्यापलीकडची." असे किती वेळ चालले असते कोण जाणे, पण एका घावाला आवाज बदलला. पहार एकदम खाली गेली आणि आतोबा तिच्यावर वाकले. परसातले पाणी थरथरले, भोवती फिरू लागले, आणि उपाशी माणूस पेज पितो तसा आवाज करीत खाली जाऊ लागले. अळूच्या उरल्यासुरल्या कांद्यांपासून पाणी सरकले, वाफ्यांच्या कडा दिसल्या. आतोबांनी खड्ड्यात हात घालून एक ढलपी बाहेर काढली. कातळ नव्हता तो. वीतभर जाडीची, पापुद्र्यापापुद्र्यांची, दगडासारखी ठोकलेली माती होती. पापुद्र्यांमध्ये शेणाच्या सारवणाचे काळपट थर आणि त्यांत चिकटलेली भाताची तुसे.

"खळं," आतोबा म्हणाले. "हे माझं खळं आहे."

वडिलांनी खळे खणून काढले असेल असे ते इतकी वर्षे समजत होते. वडिलांनी नुसती वर माती पसरली होती. मुंगीला बीळ करता येऊ नये अशी त्यांनीच चोपलेली ती जमीन इतकी वर्षे त्यांच्याच परसातले पाणी मुरू देत नव्हती.

तांडेलांनी ढलपी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि परत दिली. "म्हंजे इतकी वर्सं तुमी आमच्या नावानं बोटं मोडलात," ते म्हणाले, "नि मार खाल्लात तो सोताच्या हातचा. पन कारकूनबुवा, चोपलंत मात्र झकास."

मला वाटले आता काही तरी होणार. पण आतोबांचा चेहरा हळूहळू उजळला. "चोपलं होतं ना?" ते म्हणाले. "मी ह्याला सांगत होतो." आणि माझ्याकडे बोट दाखवले, जणू इतकी वर्षे मीच खोटे म्हणत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा स्वतः बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले. आळीतल्या प्रत्येक घरी ते स्वतः गेले. लोक म्हणत, "कारकूनबुवा, पोरानं नाव काढलंन हो." आतोबा म्हणत, "होय तर, इतक्या वर्षांच्या कष्टांचं चीज झालं." मी त्यांच्या मागे छत्री धरून चालत होतो. ते पेढे माझ्या बी. ए. चे होते की खड्ड्याचे, हे मी त्यांना तेव्हा विचारले नाही, आणि विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी अख्खे खळे फोडले. उताराच्या बाजूला चर काढला, खाली जांभ्याच्या कपच्या, वर सोडणे, पातेरा, शेणखत आणि तीच जुनी माती, कारण मातीचा काही दोष नव्हता. चाफ्याचे रोप मी पावसहून आणले. तांडेलांच्या झाडाखाली रोपे उगवलेली होती, पण त्यांकडे आतोबांनी पाहिलेदेखील नाही. बीपासून आलेला सोनचाफा फुलायला वर्षांमागून वर्षे घेतो. मला घाटावर एका हायस्कुलात मास्तरची नोकरी लागली, लग्न झाले, मी रजेत येई तेव्हा झाड माझ्याहून उंच झालेले असे, आणि गडग्यावरून तांडेलांचा आवाज येई, "काय, फुललं का?"

"फुलेल."

"मी हाय तवर फुलवा म्हंजे झालं."

गेल्या माघात तांडेल गेले. मुलगा मुंबईच्या गोदीत आहे, तो म्हातारीला घेऊन गेला आणि घराला कुलूप लागले. आणि या पावसाळ्यात आमच्या चाफ्याला फुले आली. आत्याने शेजारच्या मुलीकडून मला पत्र लिहवले: पहिले फूल देवाला वाहिले. यांचा हात काही जड झाला नाही, पण चेहराही हलला नाही. दुसरे फूल घेऊन हे गडगा ओलांडून गेले आणि तांडेलांच्या बंद ओटीवर ठेवून आले. आता रोज गडग्यापाशी उभे राहतात. पाणी छान मुरते आहे. बघत नाहीत.

त्यावर मी आतोबांना जे पत्र पाठवले ते असे:

तीर्थरूप आतोबांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपल्या चाफ्याला फुले आल्याचे आत्याच्या पत्रावरून कळले. इकडे मी भाड्याच्या घरामागे खड्डा खणून पाणी भरले. काळी माती आहे. काल सकाळचे पाणी आज शाळेतून आलो तरी तसेच आहे. हेडमास्तर भिंतीपलीकडे राहतात; त्यांच्या गुलाबाला पाणी घातले की लगेच मुरते. ते रोज आपल्या हाताने तोडून आमच्या घरी दोन गुलाब पाठवतात, आणि ही ते देवाला वाहते. मी काही बोलत नाही.

माती बाटलीत घालून ठेवली आहे. अजून गढूळ आहे. पुढे काय करावे ते कळवावे. आपण स्वतः आलात तर फारच बरे. खड्डा मी बुजवलेला नाही.

तांडेल राहिले नाहीत म्हणून आपल्या चाफ्याकडे बघून जळणारे कोणी उरले नाही, असे मात्र मनात आणू नये. मी इथे आहे. आपली फुले, आपले चर, आपले पाणी, सगळे डोळ्यांपुढे येते आणि मला अगदी मनापासून हेवा वाटतो. रोज वाटतो.

आत्यास साष्टांग नमस्कार.

आपला,
बाबू